माहेरी येण्याआधी हे ऐक

वैशू, बाळंतपणाला तू शेंदूरजनाघाटला येणार म्हणून आई आतापासून डिंक-मेथीच्या तयारीला लागली आहे. मला मात्र वेगळंच बोलायचंय. मुहूर्त पाहून सिझर लवकर उरकायचं तुझ्या सासरी चाललंय म्हणे. डॉक्टरांनी कारण सांगितलं नसेल, तर 39 आठवडे पूर्ण होऊ दे व माय.

पोटात बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, म्हणून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की त्या सैलावतात. काही बाळांच्या सैलावतच नाहीत. तिथला दाब चढलेलाच राहतो, रक्त जुन्याच वाटेने वळतं आणि बाळ निळं पडतं. पोटात केलेली शी श्वासात गेली, जंतुसंसर्ग झाला, जन्मताना गुदमरलं किंवा कळांआधीच सिझर झालं, तर हा धोका वाढतो.

बाळ रडलं म्हणजे सुटलो, असं समजू नको. श्वास भरभर चालला, बाळ कण्हू लागलं, तर उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजायला सांग. पायाचा आकडा बराच कमी आला तर डॉक्टर सावध होतात. पण आकडे सारखे आले म्हणून निळसर बाळ घरी आणायचं नाही. वरूडहून पुढे कुठे न्यायचं, हे जावईबापूंना आधीच विचारून ठेवू दे. अमरावतीला डफरीन आहे, नागपूरला मेडिकल. सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार आणि नेआण 2011 पासून मोफत आहे.

उपचारात आधी प्राणवायू, लागलं तर व्हेंटिलेटर. नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासातून दिला की फुप्फुसातल्या वाहिन्या सैलावतात. अमेरिकेत त्याला 1999 मध्ये मान्यता मिळाली. पण तो महाग, मोजक्याच ठिकाणी मिळतो. म्हणून आपल्याकडे बरेचदा सिल्डेनाफिल देतात. हो, व्हायग्रातलंच. चिठ्ठी वाचून नणंद कुजबुजली तर ओशाळू नको, वैशू. वाहिन्या सैल करणं हेच त्याचं काम, आणि तुझ्या लेकराला तेच हवं असतं. मात्र त्याने अंगातला रक्तदाबही उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच.

अशा बाळाला सारखं हाताळलं, रडवलं, तर वाहिन्या पुन्हा आवळतात. आईला हे आधीच समजावू आपण, नाहीतर ती घ्यायला धावेल. तू चीक काढून दे. पाजायचा कधी, ते डॉक्टर ठरवतील. आणि घरी आल्यावर कानांची तपासणी चुकवू नको. यातून बऱ्या झालेल्या काही बाळांना पुढे कमी ऐकू येतं.