गुरूशी वाद

१९९२ साली ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याची ‘लिनक्स’ ही संगणकप्रणाली कालबाह्य ठरविली. त्यांच्या मते प्रणालीचा गाभा लहान असावा व इतर कामे स्वतंत्र भागांकडे द्यावीत. म्हणजे एक भाग बिघडला तरी सारे कोसळत नाही. लिनसने बहुतेक कामे गाभ्यातच ठेवली होती; त्यामुळे वेग साधतो. गंमत अशी, की तो शिकला होता टॅनेनबॉम यांच्याच ग्रंथावरून! उत्तरातील उद्धटपणाबद्दल त्याने माफी मागितली. मत मात्र सोडले नाही. आज अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतात. टॅनेनबॉम यांची ‘मिनिक्स’ही पुढे इंटेलने आपल्या चिपांत वापरली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. गुरुजींना उलट बोलू नये, ही तिथली शिकवण. सूर नम्र असावा, हे मलाही पटते. पण कारणे देऊन केलेला विरोध हीसुद्धा गुरुदक्षिणाच नव्हे काय?