स्प्रेच्या डब्यातील प्रायमर : पत्र्याला टिकाऊ अस्तर कसे द्यावे?



गाळप हंगाम संपला की ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, मोटारसायकल यांच्या डागडुजीला सवड मिळते. अलीकडे बाजारात बटण दाबले की फवारा सुटणारे प्रायमरचे डबे सहज मिळतात. बोदवड गटातील बरेच सभासद आम्हाला विचारतात, “साहेब, डबा चांगल्यातला आणला, तरी पावसाळ्यात पोपडे का सुटले?” ऊस विकास खात्याचा आणि रंगाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण ऊस वेळेवर काट्यावर यायचा तर वाहन धड पाहिजे. म्हणून हा लेख.

आधी स्वतःची चूक सांगतो. आमच्या मोटारसायकलच्या मडगार्डला आम्ही मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, अंगणातच प्रायमर मारला. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकला आणि बाजरीच्या पिठासारखा वर बसला. रंग दिल्यावर वरून छान दिसले. पोळ्यापर्यंत मात्र निम्मा मडगार्ड उघडा पडला. डब्यात काही खोट नव्हती, खोट आमच्या घाईत होती.

सगळ्या लेखाचे सार एवढेच, की प्रायमर टिकतो तो फवारण्याआधीच्या मेहनतीवर. पूर्वमशागत न करता लावलेल्या उसाची जी गत, तीच न घासलेल्या पत्र्यावरच्या रंगाची.

स्प्रे कोठे, ब्रश कोठे?

एका लहान डब्यात साधारण एक ते दोन चौरस मीटर पत्र्याला एक हात बसतो. म्हणून मडगार्ड, बॉनेटचा कोपरा, जीपच्या दाराची खालची कड, बॅटरीची पेटी अशा लहान कामालाच स्प्रे घ्यावा. सबंध ट्रॉलीला डबे आणत बसलात तर खिसा रिकामा होईल. तिथे रेड ऑक्साइडचा साधा डबा आणि ब्रश हेच स्वस्त आणि मजबूत.

प्लॅस्टिकच्या बंपरला प्लॅस्टिकचा प्रायमर वेगळा मिळतो. जस्ताच्या पत्र्यावर साधा प्रायमर नीट धरत नाही, त्यासाठीही वेगळा मागून घ्यावा. सायलेन्सरवर साधा प्रायमर जळून जातो. दुकानात डबा हातात घेऊन वरची सूचना वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या.

रंगाआधी तपासणी

घासताना हुक, दांडी, धुऱ्याचे जोड आणि वेल्डिंग नीट निरखून पाहावे. रंगाने पत्र्याचा गंज थांबतो, लोखंडाला ताकद येत नाही. हुकाला बारीक चीर असेल आणि ती प्रायमरने बुजवली, तर पुढच्या हंगामात भरलेली ट्रॉली चढावर सुटू शकते. मागून सायकलवर कोणाचे तरी लेकरू येत असते, हे विसरू नये. चीर दिसली की डबा बाजूला ठेवा आणि आधी चांगला वेल्डर गाठा. तसेच चॅसिस नंबर कोरलेला भाग घासू नका, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट कागदाने झाकून घ्या.

धुणे आणि घासणे

आपल्या वाहनांतून ऊस जातो, तशीच खतेही जातात. खताचे कण पत्र्याच्या सांध्यात राहिले की ओल धरतात आणि गंज आतून पसरतो. पोटॅशसारखी खते तर लोखंडाची वैरीच. म्हणून पहिल्यांदा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. मग साबणाच्या पाण्याने ग्रीस आणि उसाच्या रसाचा चिकटा काढावा, पुन्हा धुवून पुसून कोरडे करावे.

सुटलेला गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. नंतर १८० किंवा २२० नंबरने घासून ८० च्या खोल रेघा घालवाव्यात. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे तो सगळा काढायची गरज नाही. फक्त त्याची कड ३२० नंबरने उतरती करावी. बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये.

“रेड ऑक्साइड गंज खाऊन टाकतो” असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. सुटलेल्या गंजावर मारलेला प्रायमर गंजासकट निघून येतो.

शेवटी स्वच्छ चिंधी थिनरमध्ये भिजवून पत्रा पुसावा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपावा. इथे डिझेल किंवा रॉकेल वापरू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो. पुसल्यावर उघड्या हाताने पत्रा चाचपू नये, हाताचा घामही पुरतो. उघडे केलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवू नका, प्रायमर त्याच दिवशी द्या.

वेळ कोणती धरावी?

आपल्या भुसावळ, बोदवड, मुक्ताईनगर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत सकाळी लवकर, सावलीत, वारा पडलेला असताना काम उरकावे. हाताचा तळवा पत्र्याजवळ धरून पाहा. धग लागली तर थांबा. पावसाळी ओल्या हवेतही प्रायमर नीट सुकत नाही. तेव्हा रोहिणीत काम संपवून मृगाआधी वरचा रंग झालेला बरा. शेजारी कापूस भरणे-उतरणे चालू असेल तर तिथे फवारू नका, सगळा तूस ओल्या पत्र्यावर येऊन बसतो.

फवारणी

डबा हलवल्यावर आतली गोळी खडखड वाजू लागते. तिथून पुढे पुरी दोन मिनिटे हलवावा. रंगद्रव्य तळाशी बसलेले असते, ते मिसळले नाही तर नुसता पातळ द्रव बाहेर येतो. आधी जुन्या वर्तमानपत्रावर एक फवारा मारून पाहावा.

पत्रा आणि डबा यांत एक वीत ते सव्वा वीत, म्हणजे ८ ते १२ इंच अंतर ठेवावे. हात पत्र्याला समांतर चालवावा, मनगट फिरवून कमान करू नये. बटण पत्र्याच्या बाहेर दाबावे आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पिकावर आपण पान भिजेपर्यंत औषध मारतो. इथे तसे करायचे नाही. पहिला हात इतका विरळ द्यावा की खालचे लोखंड दिसत राहील. पाच ते दहा मिनिटांनी दुसरा, तेवढ्याच वेळाने तिसरा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले.

चूक कशी ओळखावी?

ओघळ आले तर डबा फार जवळ होता किंवा हात मंद चालला. पत्रा वाळूसारखा खरखरीत लागला तर डबा फार लांब होता किंवा ऊन फार होते. माशाच्या डोळ्यांसारखे बारीक गोल खड्डे पडले तर पत्र्यावर तेल राहिले होते. सुरकुत्या आल्या तर खालच्या जुन्या रंगाशी प्रायमरचे जमले नाही. म्हणून जुन्या रंगावर मारताना आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी. यांपैकी काहीही झाले तरी वरून आणखी फवारून झाकू नका. पुरते सुकू द्या, घासा आणि पुन्हा द्या.

प्रायमरवर थांबू नका

हा मुद्दा आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. प्रायमर हे अस्तर आहे, छप्पर नव्हे. त्याच्या थराला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यातून ओल आत जाते. नुसता प्रायमर मारून वाहन पावसाळाभर उभे केले तर आत गंज चालूच राहतो. डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासावे, पुसून कोरडे करावे आणि वरचा रंग द्यावा.

जिवाची काळजी

स्प्रेने रंग देण्याची युक्ती १९४९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एडवर्ड सेमोर यांनी काढली. पूर्वी अशा डब्यांत दाबासाठी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू भरत. ओझोनच्या थराला त्यांचा अपाय होतो हे कळल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि ते वायू बंद होत गेले. आता बहुतेक डब्यांत घरच्या गॅस सिलिंडरच्या जातीचाच पेटणारा वायू असतो. म्हणून फवारताना विडी, चूल, वेल्डिंग जवळ नको. बंद खोलीत फवारू नका. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. वाफ अडवणारा मास्क लावावा, आणि तो लावला तरी मोकळी हवा हवीच.

डबा ५० अंशांवर तापू देऊ नये, असे डब्यावरच लिहिलेले असते. मे महिन्यात बंद जीपमध्ये आणि पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता याच्याही वर जाते. डबा घरात थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. रिकामा डबाही फोडू नये, उकिरड्यावर पेटवू नये. काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारावा, म्हणजे तोंड बुजत नाही आणि उरलेला प्रायमर पुढे उपयोगी पडतो.

बंधूंनो, या कामात डबा चालतो दहा मिनिटे आणि घासणे चालते दोन तास. हे दोन तास ज्याने दिले, त्याचा पत्रा बरेच पावसाळे काढतो. घासताना हुकाला किंवा दांडीला चीर सापडली आणि मनात शंका असेल, तर गट कार्यालयात वाहन घेऊन या. पुढच्या हंगामात आपले प्रत्येक वाहन काट्यावर सुखरूप यावे आणि माणसेही सुखरूप घरी परतावीत, हीच आमची इच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी