ईर्षा असावी, मत्सर नसावा



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, त्यामुळे काही शब्दांनी मला लहानपणी चांगलेच फसवले. त्यांतला एक शब्द 'ईर्षा'. हिंदीत 'ईर्ष्या' म्हणजे दुसऱ्याचे चांगले न बघवणे, मनातली जळफळ. आमची आजी मात्र म्हणायची, "जरा ईर्षेने अभ्यास कर गं!" मला वाटायचे, आजी मला जळायला का सांगते आहे? पुढे उलगडा झाला. आपल्या बोलण्यात 'ईर्षेने खेळला' म्हणजे जिद्दीने, चुरशीने खेळला. जळफळीसाठी मराठीत 'मत्सर' हा शब्द आहेच.

या दोन शब्दांतला फरक आज एका दूरदेशीच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

कॉलेजातले भावी अधिकारी

अमेरिकेत सैन्याचे अधिकारी केवळ सैनिकी अकादमीतूनच येतात असे नाही. पुष्कळसे साध्या विद्यापीठांतून येतात. गणित, इतिहास किंवा इंजिनिअरिंग शिकता शिकता हे विद्यार्थी 'रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर', म्हणजे आर.ओ.टी.सी.चे प्रशिक्षण घेतात आणि पदवीबरोबर अधिकारी होतात. भूदलाची ही योजना १९१६ च्या कायद्याने सुरू झाली. नौदलाची १९२६ मध्ये सहा विद्यापीठांत सुरू झाली आणि वायुदलाची १९४६ मध्ये. नौदलाच्या योजनेतूनच काही जण मरीन दलात जातात.

टेक्सास विद्यापीठासारख्या मोठ्या विद्यापीठांत एकाच आवारात तिन्ही दलांचे कॅडेट असतात. पहाटे, वर्ग सुरू होण्याआधी, त्यांची पी.टी. चालते. एकाच वयाची तरुण मुले-मुली, पण गणवेश वेगवेगळे. मग चुरस लागणारच!

प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी

गंमत अशी की तिन्ही दलांची शारीरिक परीक्षा एकसारखी नाही. भूदलाची जुनी परीक्षा १९८० च्या दशकापासून २०२० पर्यंत चालली. तीत दोन मिनिटे पुश-अप्स, दोन मिनिटे सिट-अप्स आणि २ मैल (सुमारे ३.२ किलोमीटर) धावणे असे. सतरा ते एकवीस वर्षांच्या मुलाला ते अंतर १५ मिनिटे ५४ सेकंदांत संपवावे लागे. त्या काळात वायुदलात दीड मैलाची धाव रूढ झाली. मरीनची धाव ३ मैलांची, आणि पुल-अप्स वेगळे.

त्यामुळे थट्टेला ऊत येतो. भूदलाचे आणि मरीनचे लोक वायुदलाला 'एअर फोर्स' नव्हे, 'चेअर फोर्स' म्हणतात, म्हणजे खुर्चीवर बसणारे दल! असे ऐकल्यावर वायुदलाचा कॅडेट दुसऱ्या दिवशी जरा जोरातच धावणार. हीच ती ईर्षा.

पण ही चुरस बिघडत नाही, त्याला कारणे आहेत. पहिले असे की प्रत्येकाचे गुण ठरलेल्या तक्त्यावरून मोजतात. शेजारी जास्त धावला म्हणून माझे गुण कमी होत नाहीत. दुसरे, ज्याला हरवायचे त्याच्याच सोबत पुढे काम करायचे आहे. भूदलाचा सैनिक वायुदलाच्या विमानातून जातो आणि मरीन नौदलाच्या जहाजावरून. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

शेवटच्या गड्याची वेळ

भूदलाच्या कॅडेटांत विद्यापीठा-विद्यापीठांमध्ये 'रेंजर चॅलेंज' नावाची स्पर्धा होते. तीत नकाशावरून वाट शोधणे, पाठीवर ओझे घेऊन लांब चालणे अशा कसोट्या असतात. एक कसोटी दोराच्या पुलाची. एकच दोर पलीकडे बांधायचा, त्याला लटकून संपूर्ण चमूने पलीकडे जायचे आणि दोरही सोडवून न्यायचा. घड्याळ थांबते ते शेवटचा गडी आणि सारे सामान पलीकडे पोहोचल्यावर. पहिला किती चपळ होता, याला तेथे किंमत नाही. म्हणून चपळ गडी वर्षभर कच्च्या गड्याला सोबत घेऊन सराव करतो.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एन.सी.सी., १९४८ मध्ये स्थापन झाली. तिच्यातही थलसेना, नौसेना आणि वायुसेना अशा तीन शाखा आहेत. एन.सी.सी. केल्याने कोणी आपोआप अधिकारी होत नाही, हा आर.ओ.टी.सी.शी मोठा फरक. पण 'एकता और अनुशासन' हे तिचे ब्रीदवाक्य पाहा. त्यात एकता आधी आली आहे.

आता आपल्या मैदानाकडे

गेल्या वर्षीच्या क्रीडादिनाची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. सदनांच्या दौडीत प्रत्येक सदनातून पहिल्या तिघांचीच वेळ धरायची, असा नियम होता. आठवीतल्या एका मुलाला त्याच्याच सदनातल्या मुलांनी सांगितले, "तू आलास काय, नाही आलास काय, सारखेच." तो पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. मुलांना मी रागावले. नंतर लक्षात आले की मुले नियमाप्रमाणेच बोलली होती. तो मोजला जात नव्हता हे खरेच होते, आणि नियम माझा होता. चूक माझी होती.

म्हणून यंदा नियम बदलला आहे. प्रत्येक सदनातून वीस विद्यार्थी धावतील. त्यांत वेगवान किती आणि सावकाश किती, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. सदनाची वेळ विसावा विद्यार्थी रेषा ओलांडेल तीच. डॉक्टरांनी मनाई केलेली मुले वेळ नोंदवणे, पाणी देणे ही कामे करतील आणि सदनाच्या यादीत त्यांचेही नाव राहील.

काही पालकांनी विचारले, "मग चांगल्या धावपटूंचे काय?" शंका रास्त आहे. त्यांच्यासाठी वैयक्तिक शर्यती आणि पदके पूर्वीसारखीच राहतील. सदनाची ढाल मात्र सर्वांची. हा प्रयोग एका वर्षासाठी आहे. तो फसला, तर तेही याच पत्रिकेत लिहीन, असे विश्वस्त मंडळाला मी सांगितले आहे.

स्वाध्याय

१. 'ईर्षा' आणि 'मत्सर' हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा. घरी आजी-आजोबांना विचारून हिंदी आणि मराठीत अर्थ बदलणारे आणखी तीन शब्द शोधा.
२. २ मैल १५ मिनिटे ५४ सेकंदांत धावायचे, तर एका किलोमीटरला सरासरी किती वेळ मिळेल? (१ मैल = १.६ किलोमीटर धरा.)
३. आपल्या सदनातला सर्वांत सावकाश धावणारा मित्र कोण? या आठवड्यात तीन दिवस त्याच्याबरोबर धावा. त्याच्या पुढे धावायचे नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. ते मी मैदानावर तपासणार आहे.