भिंत गणपतीत सुकली होती

डोंबिवलीतल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बेडरूम यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत आहे. सिंकचं सांडपाणी नेणारा पाइप तिच्यात गाडलेला आहे, तो मागच्या डक्टमध्ये उतरतो. बारा वर्षं त्या घरात राहूनही मला हे ठाऊक नव्हतं.

जुलैत बेडरूमच्या बाजूला कपाटामागे रंगाचे पापुद्रे सुटले. भिंत घराच्या आतली, तिला पाऊस लागत नाही. तरी डक्टमधून पाणी मुरत असेल असं मी धरून चालले. भिंत खरवडली, पुट्टी भरली, वॉटरप्रूफ रंग दिला. महिनाभरात रंगाला फोड आले आणि त्यांच्याखालून पिठासारखा पांढरा लोणा झडू लागला. ओल तशीच होती, रंगाने फक्त तिची वाट अडवली होती.

गणपतीला आम्ही नऊ दिवस गुहागरला गेलो. परत आलो तेव्हा भिंत बरीच सुकलेली. त्या नऊ दिवसांत डोंबिवलीत धो धो पाऊस पडला होता, तरीही. मला वाटलं, रंग लागू पडला. चार दिवसांत भिंत पुन्हा ओली झाली आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पाणी पावसाचं असतं तर भिंत सुकली नसती. नळाच्या पाइपातलं असतं तरीही नसती, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब त्या पाइपात रात्रंदिवस असतो आणि निघताना मी कॉक बंद केला नव्हता. घरात भांडी घासली की ओल, घर बंद असलं की सुकणं, याचा अर्थ सांडपाण्याचा पाइप. भिंतीने सगळं सांगितलं होतं.

दिवाळीनंतर एका प्लंबरला बोलावलं. त्याने ओली जागा फोडली, ठिबकणाऱ्या सांध्यावर तशीच इपॉक्सी पुट्टी थापली आणि संध्याकाळी प्लास्टर करून मोकळा झाला. घाई मीच केली होती, घरी पाहुणे यायचे होते. ओल्या प्लास्टिकवर ती पुट्टी धरली नव्हती आणि भिंत पुन्हा ओलावली होती, हे समजलं जानेवारीत, जेव्हा फ्रिजच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. फ्रिजचा बोर्ड त्याच भिंतीवर होता. ओलीच्या जवळ स्विचबोर्ड असेल तर त्याची लाइन त्याच दिवशी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. हे सगळ्यात आधी, पाइप त्यानंतर.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती, पलंग नेमका त्याखाली, आणि त्यांना दमा. "तुम्ही आधीच त्रासात आहात, म्हणून बोलले नाही," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य मला आजही टोचतं. आपल्या भिंतीत ओल दिसली की पहिल्या दिवशी खाली जाऊन विचारायचं. खर्चाचंही सांगते, कारण यावरून शेजारी तुटतात: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने पाहायची, घरातल्या सिंक-मोरी-संडासाची ज्याची त्याने. हा पाइप आमचा होता.

दुसरे प्लंबरकाका वयस्कर होते. त्यांनी छिन्नी पिशवीतून काढलीच नाही. सिंकचा पाइप भिंतीतून सोडवला, खाली बादली ठेवली आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घातली. "आठ दिवस पाणी बादलीत काढा. ओल रेघेच्या मागे सरकली तर भिंत फोडू." दिवसातून सहा-सात बादल्या उचलल्या. सहाव्या दिवशी कड वीतभर आत गेली होती. फुकट झालेली ही तपासणी मी जुलैत केली असती तर रंगाचे, प्लास्टरचे पैसे वाचले असते आणि काकूंची खोलीही.

भिंत त्यांनी बेडरूमकडून उघडली. तिकडे टाइल नाही, ओट्याचं ग्रॅनाइट नाही. कटरने फक्त प्लास्टरपुरती चौकट कापली, आतलं छिन्नीने हळूहळू काढलं. पाइपात खायचा लाल रंग घातलेलं पाणी ओतलं, तर ते काटकोनी एल्बोच्या सांध्यातून झिरपलं. बांधताना पाइप एल्बोत अर्धाच गेला होता आणि सॉल्व्हंट सिमेंटचा मागमूस नव्हता. पहिल्या दिवसापासून तो निव्वळ अडकवलेला होता.

नुसता सांधा बदलू नका, भिंतीतला सगळा तुकडा बदला. आमच्याकडे काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड घातले, मीटरमागे सुमारे दोन सेंटीमीटर उतार दिला. टोकं पुसून कोरडी केली, कानशीने कड मोडली, पाइप आणि सॉकेट दोन्हींना सिमेंट लावलं, पाइप तळापर्यंत घालून पाव वळसा फिरवला आणि अर्धा मिनिट दाबून धरला. चोवीस तास पाणी नाही. मग डक्टकडचं टोक बंद करून पाइप भरला, पातळीवर खूण केली आणि रात्रभर ठेवला. सकाळी पाणी खुणेवरच होतं. तरी भिंत आणखी आठवडाभर उघडी ठेवून भांडी घासली, रोज सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. आता उकळतं पाणी मी सिंकमध्ये सोडत नाही, प्लास्टिकच्या असल्या पाइपाला ते मानवत नाही. बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढले, पुढे कुणी खिळा ठोकण्याआधी पाहील.

लोणा धरलेलं जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढायला लावा, नाहीतर त्यातलं मीठ ओल ओढत राहतं. नव्या प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारलं. रंग दिलेला नाही, पुरती सुकू दे. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आहे.

काकूंचा पलंग अजून खोलीच्या मध्यातच आहे. त्यांच्या भिंतीवरही आता पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर रविवारी खाली जाऊन मी नवी रेघ ओढते, तारीख काकू सांगतात. गेल्या रविवारची रेघ छताच्या कोपऱ्यापासून जेमतेम चार बोटांवर होती.