चार शब्दजाती, एक वाक्य : घरच्या मराठीतून इंग्रजीकडे

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तरीही दहा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी चार माणसांत दोन वाक्ये बोलताना अडखळतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. त्याच्याजवळ शब्द नसतात असे नव्हे. पुस्तकातील धडे त्याने पाठ केलेले असतात. तो अडखळतो ते शब्दांच्या सांध्यापाशी. क्रियापद कोठे ठेवावे, 'नेहमी' हा शब्द कोठे बसवावे, 'जरी' आल्यावर 'तरी' घ्यावे की नाही, हे त्याला नेमके कोणी सांगितलेले नसते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय या चार शब्दजाती इंग्रजी वाक्यात एकमेकींशी कशा जोडल्या जातात, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत. आधार घेतला आहे तो आपल्या रोजच्या मराठीचाच.

१. सर्वनाम आणि क्रियापद

मराठीत 'येतो' एवढे म्हटले तरी कोण येतो ते कळते. बोलणारा पुरुष आहे, हेही कळते. क्रियापदाच्या शेवटात लिंग, वचन आणि पुरुष सामावलेले असतात, त्यामुळे सर्वनाम गाळले तरी चालते. इंग्रजी क्रियापदाजवळ ही शिदोरी फार थोडी आहे. 'आय गो', 'यू गो', 'वुई गो', 'दे गो' यांत 'गो' बदलतच नाही. केवळ 'ही', 'शी', 'इट' यांच्यापुढे ते 'गोज' होते. म्हणून इंग्रजीत कर्ता सांगावाच लागतो. आपल्या मावळात आषाढात 'पाऊस पडतोय' हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. इंग्रजीत त्याला 'इट इज रेनिंग' म्हणतात. हा 'इट' कोणाचाही बदली शब्द नाही. कर्त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून तो तेथे बसला आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर कोरलेले प्राकृत दानलेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याच्या उलट टोक ठाऊक असेल. धेनुकाकटच्या अमक्याचा स्तंभ, दान. लेखाचा आशय एवढाच. त्यात सर्वनाम नाही, क्रियापदही नाही, तरी दोन हजार वर्षांनंतर अर्थ लागतो, कारण शब्दांचे प्रत्यय ते काम करतात. इंग्रजीने असे बहुतेक प्रत्यय कालांतराने टाकले. जे काम प्रत्यय करीत, ते आता शब्दांचा क्रम करतो. इंग्रजी वाक्यात जागा महत्त्वाची का, याचे उत्तर यात आहे.

सर्वनामांबाबत मराठी अधिक श्रीमंत आहे. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिघांसाठी इंग्रजीत एकटा 'यू' आहे. 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि 'आपण' म्हणजे त्याला धरून, हा भेदही 'वुई' दाखवीत नाही. 'त्याने आपली पिशवी उचलली' आणि 'त्याने त्याची पिशवी उचलली' यांतील फरक मराठी मुलाला न शिकविता कळतो. इंग्रजीत दोन्हींसाठी 'हिज बॅग'च येते आणि पिशवी कोणाची ते संदर्भावरून ओळखावे लागते. आपल्या भाषेत काही उणे आहे म्हणून इंग्रजी जड जाते, ही समजूत मुलांच्या मनातून काढण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

२. क्रियाविशेषणाची जागा

लोणावळा-पुणे लोकलने नित्य जाणाऱ्यांसाठी तीन वाक्ये पाहू. 'द लोकल ऑफन कम्स लेट.' 'द लोकल इज ऑफन लेट.' 'द लोकल हॅज ऑलरेडी लेफ्ट.' पहिल्या वाक्यात 'ऑफन' हा शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी आला. दुसऱ्यात 'इज'च्या नंतर आला. तिसऱ्यात साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये 'ऑलरेडी' बसला. वारंवारता सांगणाऱ्या शब्दांची ही तीन घरे लक्षात ठेवली की अर्धे काम होते. दुसरा नियम असा की क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण शिरू देऊ नये. 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' हे बरोबर; 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' हे चूक.

क्रियाविशेषण क्रियापदाच्या काळावरही अंकुश ठेवते. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत चालते. इंग्रजीत मात्र 'येस्टरडे' आला की 'हॅव सीन' चालत नाही. 'आय सॉ हिम येस्टरडे' असेच म्हणावे लागते. त्याचप्रमाणे 'एव्हरी डे' असेल तर 'आय गो' म्हणावे. 'आय अ‍ॅम गोइंग एव्हरी डे' हे 'मी रोज जात आहे' याचे शब्दशः रूप झाले.

३. उभयान्वयी अव्यय : जोडी की एकटे?

मराठीला जोडीची आवड आहे. 'जरी' आला की 'तरी' येतो, 'जर' आला की 'तर' येतो. इंग्रजीत बहुधा एकच पुरतो. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई वॉक्ड टू मळवली स्टेशन' या वाक्यात मध्ये 'बट' घालू नये. 'बिकॉज'ने वाक्य सुरू केले तर पुढे 'सो' नको. 'पाऊस आला तर आम्ही थांबू' यात मराठी भूतकाळी रूप वापरते, तर इंग्रजी वर्तमानकाळी: 'इफ इट रेन्स, वुई विल वेट.' 'इफ'च्या भागात 'विल' येत नाही, तो दुसऱ्या भागात येतो.

४. चारही एकत्र येतात तेव्हा

निवासी शाळेत रोज घडणारा प्रसंग घेऊ. घरून दूरध्वनी येतो आणि मुलगा सांगतो, 'आई म्हणाली की मी उद्या येते.' मराठीत हे निर्दोष आहे, कारण 'की'च्या पुढे आपण आईचे शब्द जसेच्या तसे ठेवतो आणि 'येते' हे रूपच येणारी आई आहे हे सांगते. याचे शब्दशः इंग्रजी केले, 'मदर सेड दॅट आय विल कम टुमारो', तर ऐकणारा समजेल की मुलगाच उद्या जाणार आहे. योग्य वाक्य असे: 'मदर सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.' 'दॅट' हे अव्यय आले आणि त्याने तिघांनाही हलविले. सर्वनाम 'आय'चे 'शी' झाले, क्रियापद 'विल कम'चे 'वुड कम' झाले, क्रियाविशेषण 'टुमारो'चे 'द नेक्स्ट डे' झाले. मात्र निरोप त्याच दिवशी सांगितला तर 'टुमारो' ठेवता येतो, कारण तो उद्या अजून उद्याच असतो. व्याकरण हे असे अर्थाच्या मागे चालते. चार व्याख्या चार वह्यांत स्वतंत्र पाठ करून ते हाती लागत नाही.

५. रोज म्हटले जाणारे वाक्य

या चारही शब्दजातींचा उत्तम पाठ आपली मुले शाळेत नित्य म्हणतात. भारतीय संविधानाची उद्देशिका हे एकच सलग वाक्य आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने ज्या संविधानाचा स्वीकार केला, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या वाक्याचा इंग्रजीतील पहिला शब्द सर्वनाम आहे: 'वुई'. मुख्य क्रियापदे मात्र शेवटच्या ओळींत येतात. मधल्या जागेत न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही उद्दिष्टे मांडलेली आहेत. क्रियापदांच्या अगोदर 'हिअरबाय' हे क्रियाविशेषण आहे. मराठीत त्याला 'याद्वारे' म्हटले आहे. क्रियापदे तीन, त्यांना बांधणारे अव्यय 'अँड'. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. म्हणून 'अवरसेल्व्हज' हे सर्वनाम पुन्हा 'वुई'कडे वळते. कोणी वरून दिले असे ते वाक्य म्हणतच नाही. एका सर्वनामात केवढा अधिकार साठविता येतो, हे मुलांना येथे दाखवावे.

बाबासाहेबांचे निवासस्थान आपल्या तळेगाव दाभाडे येथे आहे, आणि शेजारच्या देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा आपला ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील मुलाने इंग्रजीपुढे मान खाली घालावी, हे आम्हांला मान्य नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की सुट्टीत गावी आल्यावर धाकट्यांशी रोज दहा मिनिटे इंग्रजीत बोलावे. चूक झाली तर हसू नये. योग्य वाक्य स्वतः उच्चारून पुढे जावे. पालकांनी इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नये. मुलाला आपले एक मराठी वाक्य द्यावे आणि ते इंग्रजीत कसे होते, कोणता शब्द कोठे सरकला, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. समजावून सांगताना त्याचे ज्ञान पक्के होते, आणि घरची मराठी त्याच्या शिक्षणात मानाने सहभागी होते.