तलावावरील हिरवा तवंग व त्यापासून होणारी विषबाधा

गोंदिया जिल्ह्यांतील शेतकऱ्यास तलावाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. कोहळी मंडळींनीं पिढ्यान् पिढ्या खपून बांधलेले हे तलाव १९५१ सालीं मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, व आज माजी मालगुजारी तलाव ह्या नांवानें ओळखले जातात. धानाचें ओलित, ढोरांचें पाणी, ढीवर बांधवांची मासळी व शिंगाडा हें सर्व त्यांवरच चालतें. मुलकी खात्यांत कारकुनी करीत असतां निस्तारपत्रकांच्या नकला आम्हीं पुष्कळ केल्या. कोणत्या तलावावर कोणाचा कोणता हक्क, हें त्यांत बारकाईनें लिहिलेलें असे. पाण्याचा रंग कसा आहे, हा रकाना मात्र त्यांत नव्हता. तो ज्याचा त्यानेंच ध्यानांत ठेवावा लागतो, एवढें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

एका वैशाखांत एका गांवचा पंचनामा आमच्या मेजावर आला. सकाळीं तलावावर पाणी प्यालेल्या दोन म्हशी दुपारपर्यंत मेल्या होत्या, व कांहीं मासेही मरून काठाला लागले होते. तलावाचा ठेका ढीवरांकडे होता. मासे धरण्यासाठीं त्यांनींच पाण्यांत औषध टाकलें असा गवगवा झाला, आणि दोन कुटुंबांशीं गांवानें बोलणें टाकलें. आम्हीं कारणाच्या रकान्यांत ‘विषबाधा’ एवढा एकच शब्द उतरवून घेतला. काठाचें पाणी हिरव्या तैलरंगासारखें दाट झालें होतें, असें कोतवाल तोंडीं सांगत होता. तें आम्हीं लिहिलें नाहीं. पाणी बाटलींत भरून ठेवण्याचेंही कोणास सुचलें नाहीं. पुढें ह्या विषयावर वाचन झालें, तेव्हां ती वगळलेली ओळ आम्हांस फार बोंचूं लागली.

हा तवंग म्हणजे निळें-हिरवें शेवाळ होय. त्याचे कण डोळ्यांस दिसणार नाहींत इतके सूक्ष्म असतात. हें कुळ सर्वस्वीं वाईट आहे असें मात्र नव्हे. धानाच्या बांधींत हेंच शेवाळ हवेंतील नत्र धरून पिकास देतें, हें पी. के. डे ह्या शास्त्रज्ञांनीं १९३९ सालीं दाखवून दिलें. व तें खत म्हणून आज बांधींत सोडलेंही जातें. परंतु ह्या कुळांतील कांहीं जाती विष तयार करितात. उन्हाळ्यांत पाणी आटलें, ऊन तापलें, वारा पडला व पाण्यांत स्फुरद फार झालें, म्हणजे त्या झपाट्यानें वाढून वर तरंगतात, आणि वारा त्यांस एका काठास लोटून दाट करितो. ढोरें नेमकीं काठालाच पाणी पितात.

ह्या विषाचे मुख्य प्रकार दोन. एक यकृत नासवितो. जनावर मलूल होतें, चारा सोडतें, व कांहीं तासांत किंवा दिवसांत मरतें. दुसरा मज्जातंतूंवर चालतो. अंगाला झटके येतात, श्वास कोंडतो, व मिनिटांत किंवा कांहीं तासांत सर्व संपतें. ह्यांवर खात्रीचा उतारा नाहीं. माशांवर आणखी एक संकट येतें. दाट शेवाळ रात्रीं पाण्यांतील प्राणवायु खातें, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडतात व मरतात. विष कोणीं न टाकतांही मासे मरूं शकतात, हें गांवांनीं ध्यानांत ठेवावें.

ही गोष्ट नवी नाहीं. ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवरावर अशाच तवंगानें गुरें, मेंढ्या व घोडे मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस ह्यांनीं १८७८ सालीं प्रसिद्ध केली. ब्राझीलमधील कारुआरू येथें १९९६ सालीं असें पाणी रक्तशुद्धीच्या यंत्रांत गेलें, व ५० हून अधिक रोगी दगावले. समुद्रांतही असेंच घडतें; तेथील सूक्ष्म जीव निराळे, रीत तीच. शिंपल्यांतील प्राणी पाणी गाळून खातात व विष अंगांत सांठवितात. केरळांतील विळिंजम येथें सप्टेंबर १९९७ मध्यें तसे शिंपले खाऊन ७ माणसें मेलीं व शेंकडों आजारी पडलीं. शिजविल्यानें तें विष गेलें नाहीं.

ओळखावें कसें? पाण्यांत काठी घालून वर काढावी. काठीवर दोरे लोंबले तर तें साधें शेवाळ. रंग दिल्यासारखा लेप बसला तर संशय धरावा. दुसरें, पाणी कांचेच्या बाटलींत भरून रात्रभर हलवूं नये. सकाळीं हिरवा थर वर जमला, तर निळें-हिरवें शेवाळ आहे असें समजावें. तें विषारी आहे कीं नाहीं, हें मात्र प्रयोगशाळाच सांगूं शकते. तोंवर तें विषारीच मानावें.

असा तवंग दिसतांच ढोरें विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर न्यावीं. अंगाला तवंग लागला असल्यास धुऊन काढावा, नाहीं तर तीं तो चाटतात. मुलांस पोहूं देऊं नये. पाणी उकळून विष जात नाहीं. पिण्याच्या पाण्यांत एका लिटरांत १ मायक्रोग्रॅम, एवढीच ह्या यकृतविषाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें घातली आहे. अशा तलावांतील मासे व शिंपले खाऊं नयेत. मोरचूद टाकून शेवाळ मारण्याची घाई करूं नये. मरतांना तें सांठविलेलें विष एकदम पाण्यांत सोडतें. जनावर मेल्यास पशुवैद्यास बोलवावें, पाण्याची बाटली भरून थंड जागीं ठेवावी, आणि पंचनाम्यांत पाण्याचा रंग अवश्य लिहवावा.

मूळ उपाय तलावाबाहेर आहे. बांधींतील खताचें पाणी, शेणाचे ओघळ व धुण्याच्या पावडरीचा फेस तलावांत जाऊं देऊं नये. मासळीसाठीं कोंबडखत व सुपर फॉस्फेट टाकणाऱ्यांनीं हात राखून टाकावें. उन्हाळ्यांत तलावाचा गाळ काढून शेतांत पसरावा. सांठलेलें स्फुरद त्याबरोबर निघून जातें व धानाच्या कामीं येतें.

त्या दोन कुटुंबांचा दोष होता कीं नव्हता, हें त्या कागदावरून आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. पुढच्या वेळीं तरी बोट दाखविण्यापूर्वीं वाचकांनीं काठी पाण्यांत बुडवून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.