पडद्यावरचा नाग



सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. त्याला ‘बत्तीस शिराळा’ असेही म्हणतात. पूर्वी या सणाला तेथे जिवंत नाग पकडून आणत, त्यांची पूजा करत आणि मिरवणूक काढत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंदी आली आणि नागाच्या प्रतिमांची पूजा होऊ लागली.

शिराळ्याच्या शेतकऱ्याला नाग बांधावर दिसतो. शहरातल्या पुष्कळांनी मात्र तो कधी जवळून पाहिलेला नसतो. तरीही ‘नाग’ म्हटले, की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे चित्रे उभी राहतात. पुंगीवर डोलणारा नाग, वाटीतले दूध पिणारा नाग, वैऱ्याचा सूड घेणारी नागीण! ही चित्रे आपण बहुधा सिनेमात पाहिलेली असतात. सिनेमाने ती जुन्या कथांतून आणि समजुतींतून घेतली. म्हणून जुनी कथा पडद्यावर आली, की ती कशी पाहावी आणि तिची पारख कशी करावी, याचा विचार आपण या पाठात करू.

सुरुवात आपल्या महाराष्ट्रापासून करू. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर १९१९ साली त्यांनी ‘कालियामर्दन’ हा चित्रपट काढला. यमुनेच्या डोहात कालिया नावाचा नाग राहत होता. त्याच्या विषाने नदीचे पाणी बिघडले होते. बाळकृष्णाने डोहात उडी घेतली आणि त्याला नमवले, अशी ही पुराणातील कथा आहे. कृष्णाची भूमिका कोणी केली, ठाऊक आहे? फाळके यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने! चित्रपटाच्या आरंभी ती चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते आणि नंतर कृष्णाच्या वेषात दिसते. म्हणजे ‘ही एक मुलगी आहे, ती कृष्णाचे सोंग घेत आहे,’ हे प्रेक्षकांना आधीच कळते.

तो काळ मूकपटांचा होता. कीर्तनकार जी कथा गाऊन आणि बोलून रंगवतो, ती फाळके यांना हालचालींतून आणि चेहऱ्यांवरच्या भावांतून सांगावी लागली. थोडक्यात, माध्यम बदलले की कथा सांगण्याची रीत बदलते. ‘पोथीत आहे तसेच पडद्यावर का नाही?’ एवढेच विचारून चित्रपटाची पारख होत नाही.

आपल्या कालियासारखे भयंकर सर्प दूरच्या ग्रीस देशातील जुन्या कथांतही आहेत. तेथे मेड्युसा नावाची एक राक्षसी होती. तिच्या डोक्यावर केसांच्या जागी साप होते. जो तिच्याकडे पाही, तो दगड होई. पर्सियस या वीराने तिच्याकडे थेट पाहिले नाही. चकचकीत ढालीतील तिचे प्रतिबिंब पाहून त्याने तिला मारले.

या कथेवर १९८१ साली ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. त्यातील मेड्युसा रे हॅरीहाउसेन या कलावंताने घडवली. तेव्हा अशी दृश्ये संगणकावर तयार होत नव्हती. तो एक लहान बाहुली घेई, तिला किंचित हलवी आणि एक चित्र टिपी. पुन्हा हलवी, पुन्हा टिपी. पडद्यावर एका सेकंदात अशी २४ चित्रे सरकतात. यावरून त्याच्या चिकाटीची कल्पना येईल.

त्याने मेड्युसाला कमरेखाली सापाचे शरीर दिले आणि शेपटीला खुळखुळा लावला. आता गंमत पाहा. खुळखुळ्या साप फक्त अमेरिका खंडात आढळतो, ग्रीसमध्ये नाही. चित्रपटातील समुद्रराक्षसाचे ‘क्राकेन’ हे नावही ग्रीक नाही. ते उत्तर युरोपातील नावाड्यांच्या गोष्टींतून घेतलेले आहे. जाणकार म्हणतात, ‘हे चुकीचे आहे.’ दुसरे प्रेक्षक म्हणतात, ‘अंधारात तो खुळखुळ आवाज आला आणि अंगावर काटा आला!’ दोघांचेही खरे आहे. पहिले प्रेक्षक कथेतील तपशील तपासतात, दुसरे त्या प्रसंगाचा परिणाम सांगतात. चांगल्या प्रेक्षकाने दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

आणि मूळ कथा तरी एकच असते का? हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने मेड्युसा ही तीन भयानक बहिणींपैकी एक असल्याचे सांगितले. त्यानंतर सुमारे ७०० वर्षांनी ओव्हिड या रोमन कवीने तिला एक सुंदर तरुणी केले. देवीच्या कोपामुळे तिच्या केसांचे साप झाले, असे त्याने लिहिले. म्हणजे सिनेमा जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून कवी जुन्या कथा नव्या रीतीने सांगत आले आहेत.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या देशातही आहे. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका दाखवली गेली. तिची पटकथा आणि संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दू शिकवत असत. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. एका मुसलमान लेखकाकडे हे काम का दिले, अशी पत्रे काही लोकांनी पाठवली, असे सांगतात. एकही भाग न पाहता दिलेला तो निकाल होता! मालिका सुरू झाली आणि घरोघरी लोक ती आवडीने पाहू लागले. मूळ ग्रंथात वैशंपायन ऋषी जनमेजय राजाला कथा सांगतात. मालिकेत मात्र स्वतः ‘समय’, म्हणजे काळ, कथा सांगतो. हा बदल मोठा होता. पण त्याने कथेचा गाभा मोडला नाही. उलट, ही कथा सर्व काळांतील माणसांची आहे, हे त्यामुळे ठसले.

मात्र प्रत्येक बदल असा निरुपद्रवी नसतो. १९७६ च्या ‘नागीन’ या हिंदी चित्रपटात एक नागीण आपल्या जोडीदाराच्या मारेकऱ्यांना शोधून एकेकाला ठार करते. करमणूक म्हणून ते ठीक आहे. पण ते खरे मानून कोणी दिसेल तो साप ठेचू लागला तर? सापाला बाहेरचा कान नसतो. तो पुंगीच्या सुरावर डोलत नाही, तिच्या हालचालीवर नजर ठेवतो. दूध हे त्याचे अन्न नाही. उंदीर आणि बेडूक खाऊन तो जगतो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून तो सूड घेत नाही. साप चावल्यावर पडद्यावरचा नायक जखमेतले विष तोंडाने ओढतो. आपण तसे मुळीच करू नये. मांत्रिकाकडेही जाऊ नये. रुग्णाला धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. प्रतिविषाची लस हाच खरा उपाय आहे. येथे कथा आणि सत्य यांची गल्लत झाली, तर नागाचाही जीव जातो आणि माणसाचाही.

म्हणून मित्रांनो, जुनी कथा पडद्यावर पाहाल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. कथेचा गाभा टिकला आहे का? जे बदलले, त्याने काय साधले? आणि पडद्यावरचे खरे मानून आपण कोणाचे नुकसान तर करत नाही ना? ही तीन उत्तरे शोधणारा प्रेक्षक कथेचा आनंदही घेतो आणि फसतही नाही.

शब्दार्थ

प्रतिमा – मूर्ती किंवा चित्र
डोह – नदीतील खोल पाण्याची जागा
सोंग घेणे – दुसऱ्याचे रूप घेणे
पारख – गुणदोष ओळखणे
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण
अंगावर काटा येणे – भीतीने शहारणे
गाभा – सर्वांत महत्त्वाचा आतला भाग
गल्लत – घोटाळा, सरमिसळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्णाची भूमिका कोणी केली?
(आ) ‘महाभारत’ मालिकेत कथा कोण सांगतो?
२. मेड्युसाच्या शेपटीबद्दल प्रेक्षकांची दोन मते कोणती? तुम्हांला कोणते पटते? का?
३. साप चावल्यास काय करावे आणि काय करू नये, ते लिहा.
४. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाला पाठातील तीन प्रश्न लावा आणि आठ ओळी लिहा.